भुतांची सोयरीक

२०१८ च्या ऑगस्टअखेरीस 'स्त्री' हा चित्रपट आला. त्याच्या शेवटी चंदेरी गावाला छळणाऱ्या भुताची वेणी कापली जाते, गावावरचं संकट टळतं आणि श्रद्धा कपूरने रंगवलेली ती परगावची मुलगी बसमध्ये बसून निघून जाते. वाटेत ती तीच कापलेली वेणी बाहेर काढते, आपल्या केसांना लावते आणि बसल्या जागेवरून नाहीशी होते. चित्रपटभर तिचं नाव कुणी घेतलेलं नाही. ती कुठली, कुणाची, त्या वेणीचं तिला काय करायचं आहे, यातलं काहीही प्रेक्षकाला सांगितलेलं नाही.

दुसरा भाग यायला सहा वर्षं लागली. तेवढ्या काळात प्रेक्षक गप्प बसले नाहीत. ती स्वतःच चेटकीण असून स्त्रीची ताकद पळवायला आली होती, असं काहींचं म्हणणं होतं. ती स्त्रीच्याच रक्तातली असणार, असं दुसऱ्यांचं. १५ ऑगस्ट २०२४ ला 'स्त्री २' आला आणि उत्तर मिळालं: ती स्त्रीची मुलगी. नाव मात्र तिथेही कळलं नाही. ती ते नायक विकीच्या कानात सांगते आणि आपल्याला ऐकू येत नाही. म्हणजे एक गाठ सोडवताना लिहिणाऱ्यांनी दुसरी मारून ठेवली.

जे दाखवलं आहे त्यावरून न दाखवलेलं ताडायचं आणि पात्रापात्रांत नातं लावायचं, या उद्योगाला 'फॅन थिअरी' म्हणतात. आमच्या घाटनांदूरच्या पोरांच्या तोंडीही हाच शब्द आहे. परळी ते लातूर रोड या रेल्वेमार्गावरचं आमचं गाव. इथली कॉलेजची मुलं हे सिनेमे बहुतेक मोबाईलवर बघतात, आणि गाडीची वाट पाहत उभी असली की मुंज्या कुणाला घाबरतो, भेडिया आणि बेताळ यांच्यात कोण भारी, यावर त्यांची जुंपते. मोठ्या माणसांना हा रिकामपणाचा धंदा वाटतो. मला वाटत नाही. ही मुलं जे करतात ते आपल्याकडे फार जुनं काम आहे, ते चांगलं किंवा वाईट करता येतं, आणि चांगलं कसं करायचं हे शिकण्यासारखं आहे.

आधी ज्या चित्रपटांवरून हे सगळं चाललंय त्यांची वंशावळ. 'स्त्री' मध्य प्रदेशातल्या चंदेरीत घडतो, पण त्यातली 'ओ स्त्री कल आना' ही दारावरची ओळ कर्नाटकातल्या 'नाळे बा' या दंतकथेवरून घेतलेली. २०२२ चा 'भेडिया' अरुणाचलच्या जंगलात घडतो. जून २०२४ चा 'मुंज्या' आपल्या कोकणातला आणि पुण्यातला; दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, आजीच्या भूमिकेत सुहास जोशी. त्यानंतर 'स्त्री २'. मग २०२५ च्या दिवाळीत 'थामा', त्यात रक्त पिणारे बेताळ, आणि दिग्दर्शक पुन्हा सरपोतदारच. वेगवेगळ्या प्रांतांतली वेगवेगळी भुतं. त्यांना निर्मात्यांनी जोडलं ते एका साध्या माणसाच्या हाताने. अभिषेक बॅनर्जीचा जना 'स्त्री'त चंदेरीच्या दोस्तांच्या टोळक्यात असतो, तोच 'भेडिया'त अरुणाचलला पोहोचतो, आणि ती ओळख पक्की करायला त्याच टोळक्यातले विकी आणि बिट्टू शेवटच्या नावांच्या वेळी पडद्यावर येऊन जातात. 'मुंज्या'च्या अखेरीला असाच भेडियातला भास्कर डोकावतो.

या जोडणीला मी बाहेरची जोडणी म्हणतो. एकाच कंपनीचे चित्रपट आहेत, म्हणून एका चित्रपटातला माणूस दुसऱ्यात चहा प्यायला गेला. त्यात गैर काही नाही, प्रेक्षक शिट्ट्या वाजवतात, पण त्यातून भुतांचं एकमेकांशी नातं सिद्ध होत नाही. मुंज्याला स्त्रीशी आतून काय बांधतं, हा प्रश्न तसाच राहतो. चांगली थिअरी तिथे सुरू होते.

या खेळाचे नियम पहिल्यांदा ठरले ते शेरलॉक होम्सच्या कथांवर. पुढे धर्मगुरू झालेल्या रोनाल्ड नॉक्स या तरुण विद्वानाने १९११ साली ऑक्सफर्डमध्ये होम्सवर एक निबंध वाचला. बायबलमधल्या विसंगती जशा पंडित तपासत, तशा त्याने होम्सच्या कथा तपासल्या. नमुन्यादाखल एक विसंगती पाहा. पहिल्या कादंबरीत डॉक्टर वॉटसनला अफगाणिस्तानात लागलेली गोळी खांद्यात आहे; दुसऱ्या कादंबरीत तीच जखम पायात आहे. कॉनन डॉयल विसरला, हे उघड आहे. पण खेळाचा पहिला नियमच असा की लेखक विसरला असं म्हणायचं नाही. जे छापलंय ते घडलंय असं धरायचं, आणि दोन्ही जखमा खऱ्या ठरतील असं स्पष्टीकरण शोधायचं. मग कुणी दोन गोळ्या लागल्या म्हणतं, कुणी एकच गोळी खांद्यातून जाऊन पायाला लागेल अशी वॉटसनची बसण्याची पद्धत शोधून काढतं.

दुसरा टप्पा वेगवेगळ्या लेखकांची पात्रं एका घराण्यात आणण्याचा. इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये वोल्ड न्यूटन नावाच्या खेड्यात १३ डिसेंबर १७९५ रोजी खरोखरच एक उल्का पडली. सुमारे २५ किलोचा तो दगड लंडनच्या संग्रहालयात आजही आहे. अमेरिकन लेखक फिलिप होजे फार्मर याने १९७२ पासून मांडलं की त्या वेळी तिथून काही घोडागाड्या चालल्या होत्या, उल्केच्या किरणांनी त्यातल्या प्रवाशांच्या वंशात असामान्य ताकद आली, आणि टारझन, शेरलॉक होम्स असे कथांतले वीर त्याच प्रवाशांचे वंशज. खऱ्या दगडावर कल्पित वंशावळ. लोकांना ती इतकी आवडली की पुढे इतरांनी तिच्यात पात्रांची भर घातली.

भयकथेत हा खेळ सगळ्यात जास्त रंगला तो एका व्हिडिओ गेममध्ये. २०१४ साली स्कॉट कॉथन याने 'फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज' बनवला. खेळणारा एका पिझ्झाच्या हॉटेलात रात्रपाळीचा पहारेकरी असतो आणि कॅमेऱ्यांवर नजर ठेवून बसतो. मुलांना रिझवायला ठेवलेली यांत्रिक जनावरं रात्री चालू लागतात. गोष्ट सरळ कुणी सांगत नाही. टेलिफोनवर आधीच्या पहारेकऱ्याचे निरोप ऐकू येतात, भिंतीवरच्या चित्राच्या जागी कधीतरी बातमीचं कात्रण दिसतं, त्यात पाच हरवलेल्या मुलांचा उल्लेख असतो. एवढ्या तुकड्यांवरून जगभरच्या शाळकरी मुलांनी कुणी कुणाला मारलं, कोणतं मूल कोणत्या जनावरात अडकलं, याची वंशावळ लावली. मॅथ्यू पॅट्रिक या माणसाने त्यावर कित्येक व्हिडिओ केले. २०२३ मध्ये या खेळावर चित्रपट निघाला तेव्हा त्याला छोटी भूमिका देऊन त्याचंच ठरलेलं वाक्य त्याच्या तोंडी घातलं. तर्क करणारा प्रेक्षक थेट गोष्टीच्या आत जाऊन बसला.

हे सगळं परदेशी वाटत असेल तर आमच्या गावाहून पश्चिमेला अंबाजोगाईला जा आणि उत्तरेला परळीला. अंबाजोगाईला योगेश्वरी, परळीला वैद्यनाथ. योगेश्वरी ही कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता. आता प्रश्न असा पडतो की समुद्रकाठच्या लोकांची कुलदेवता बालाघाटाच्या डोंगरात कशी? प्रचलित कथा याचं उत्तर देते. देवी कोकणातून परळीच्या वैद्यनाथाशी लग्न लावायला निघाली. वऱ्हाड अंबाजोगाईपर्यंत आलं आणि मुहूर्त टळला. वऱ्हाडी जागच्या जागी शिळा झाले, देवी तिथेच राहिली, कुमारिकाच राहिली. गावाजवळच्या लेण्यांतले दगडी हत्ती दाखवून, हे त्या वऱ्हाडातले, असं सांगतात.

देवाच्या कथेला भुतांच्या पंगतीत बसवायचं माझ्या मनात नाही. पण ही कथा कशी बांधली आहे ते बघा. दोन प्रसिद्ध स्थानं, दोन देवता. एक न सुटणारा प्रश्न, की देवी इथे का. एक नजरेला पडणारी वस्तू, दगडी हत्ती. आणि दोन्ही स्थानांना बांधणारं एक नातं, ठरलेलं पण न झालेलं लग्न. त्या एका नात्याने देवी कोकणातून आली हे सुटतं, ती इथेच का राहिली हे सुटतं, कुमारिका का हे सुटतं, आणि डोंगरात कोरलेले हत्ती कुठून आले हेही सुटतं. चार प्रश्नांना एक उत्तर. चांगल्या थिअरीची याहून सरस व्याख्या मला माहीत नाही. इतिहास म्हणून ती लेणी कोरीव कामाच्या परंपरेतली आहेत आणि त्यांचा अभ्यास वेगळा. पण कथा सांगणाऱ्यांनी जे साधलं ते साधलंच.

मुंज्याकडे वळू. ए. एम. टी. जॅक्सन हे नाव आपल्याला नाशिकचे कलेक्टर म्हणून माहीत आहे. डिसेंबर १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. हेच जॅक्सन लोकसमजुती गोळा करत होते. मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांकडे प्रश्न पाठवून त्यांनी उत्तरं मागवली होती. त्यांच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोव्हेन यांनी ती संपादित केली, आणि कोकणचा खंड १९१५ साली छापला गेला. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आमच्या मास्तरांची उत्तरं त्यात नाहीत. तरी ती पानं वाचताना आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं ऐकल्यासारखं वाटतं.

त्या नोंदींत भुतांचे दोन वर्ग आहेत: घरचे आणि बाहेरचे. घरचं भूत आपल्या घराण्याबाहेर कुणाला त्रास देत नाही. बाहेरच्यांची यादी मोठी: वेताळ, ब्रह्मग्रह, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग; बायकांमध्ये जखीण, लावसट, हडळ. यात कोण कसं होतं तेही सांगितलंय. बाळंतपणात किंवा पोटुशी असताना गेलेली बाई हडळ होते. विधवेची लावसट. इच्छा मनात राहून गेलेल्या सवाशिणीची जखीण. मागे कुणी क्रियाकर्म करणारं नाही असा माणूस समंध. आणि मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला, तो मुंजा. त्याचं घर पिंपळावर.

ही यादी मी पुष्कळदा वाचली आणि दर वेळी एकच गोष्ट डोळ्यांत भरली. या भुतांची विभागणी ती किती भयंकर दिसतात किंवा कशी मारतात यावरून केलेली नाही. आयुष्यातला कोणता संस्कार अर्धा राहिला, यावरून केलेली आहे. बाळंतपण अर्धं राहिलं, संसार अर्धा राहिला, क्रियाकर्म राहिलं, सोडमुंज राहिली. गावात जगण्याचे जे टप्पे ठरलेले, त्यांतल्या कोणत्या दोन टप्प्यांच्या मध्ये माणूस अडकला, त्यावर त्याचं मेल्यावरचं नाव ठरतं. आणि हेही सांगायला हवं की या नोंदींत जातीही मेल्यावर सुटत नाहीत. ब्राह्मणाचं भूत वेगळं, इतरांचं वेगळं. जिवंत गावाने आपली उतरंड स्मशानाच्या पलीकडेही नेली, आणि ही गोष्ट भुताहून जास्त भीतीदायक आहे.

सोडमुंज म्हणजे काय होतं ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मुंजीनंतर मुलगा ब्रह्मचारी. पूर्वी बारा वर्षं विद्या करून तो परतायचा, मग गृहस्थ व्हायचा. पुढे हा काळ आक्रसत गेला आणि विधीपुरता उरला. सोडमुंजीत बटू मौंजी सोडतो, पोशाख करतो, छत्री, काठी, पायताण घेऊन काशीला निघाल्यासारखा दारापर्यंत जातो. तिथे मामा त्याला अडवतो. जाऊ नको, परत फिर, माझी मुलगी तुला देईन, असं सांगून त्याला माघारी आणतो. सगळे हसतात, कारण हा लटका खेळ आहे. पण त्या लटक्या खेळात मुलाला एक वचन मिळतं: तुझं लग्न होईल.

ज्याला हे वचन मिळण्याआधी मरण आलं, तो मुंजा. आता चित्रपटातला मुंज्या काय मागतो? लग्न. १९५० च्या दशकातला गोट्या नावाचा मुलगा, वयाने मोठ्या मुन्नीवर जीव जडलेला. त्याची मुंज लावून टाकतात, आणि तो लग्नासाठी नरबळी द्यायला पिंपळाखाली जातो आणि तिथेच मरतो. मग पिढ्या उलटल्या तरी तो लगीन लगीन करत फिरतो. चित्रपट पाहताना बऱ्याच जणांना हा हट्ट केवळ विनोदासाठी घातलेला वाटला. सोडमुंजीचा विधी ठाऊक असेल तर तसं वाटत नाही. मामाने दारात अडवून जे द्यायचं, तेच तो मागतोय.

चित्रपटाने आणखी एक केलं. लोकसमजुतीतला मुंजा बाहेरच्या भुतांत मोडतो. पडद्यावरचा मुंज्या मात्र आपल्या रक्ताच्या माणसालाच दिसतो. म्हणजे बाहेरच्याला उचलून घरच्यांत बसवला. एवढ्या बदलाने ती सगळी गोष्ट कुटुंबाची झाली: आजीने लपवलेलं पाप, नातवाच्या पाठीवर.

आता 'स्त्री'. तिथल्या कथेप्रमाणे ती एक कलावंतीण. सगळे तिला विकत घ्यायला टपलेले, एकाने खरं प्रेम केलं, लग्न झालं, आणि संसार सुरू होण्याआधीच गावाने दोघांना मारलं. ती पुरुषांना त्यांच्या नावाने हाक मारून नेते आणि मागे फक्त कपडे राहतात. मुंज्याला लग्नाचं वचन मिळालं नाही, स्त्रीला लग्न मिळूनही संसार मिळाला नाही. दोघंही एकाच उंबऱ्यावर अडकलेले आहेत, एक अलीकडे, एक किंचित पलीकडे. माझी थिअरी एवढीच आहे: या चित्रपटविश्वाला आतून बांधणारा धागा जना नाही, अर्धं राहिलेलं लग्न आहे. आणि तो धागा लिहिणाऱ्यांनी ठरवून घातला असो वा नसो, तो त्यांच्याकडे मास्तरांनी लिहून ठेवलेल्या त्याच जुन्या यादीतून, गावोगावच्या आज्यांच्या तोंडून आलेला आहे.

थिअरी मांडली की ती मोडायचा प्रयत्न मांडणाऱ्यानेच करावा. भेडिया इथे बसत नाही. भास्कर जिवंत आहे, त्याला लांडग्याने चावलंय, आणि त्याची गोष्ट जंगल कुणाचं याची आहे. 'स्त्री २'मधला खलनायक सरकटा बसत नाही. त्याचं काहीही अर्धं राहिलेलं नाही, तो जिवंतपणी जुलूम करत होता आणि मेल्यावरही तेच करतो. बेताळही बसत नाही. आपल्याकडे वेताळ हा कुणी मेलेला माणूस नाहीच. तो भुतांचा राजा. शेंदूर फासलेला एक मोठा दगड आणि भोवती लहान दगडांचं रिंगण, ही त्याची फौज. गोव्यात तर तो ग्रामदेव आहे; काणकोण तालुक्यातल्या लोलयेला त्याची भव्य पाषाणमूर्ती आहे. तेव्हा माझा धागा पाचांतल्या दोघांनाच बांधतो. ओढूनताणून भेडियाला कुठेतरी लग्न चिकटवता येईल, पण तसं करायचं नसतं. जी थिअरी सगळ्यांना जोडते ती बहुधा कुणालाच जोडत नाही.

दोघांनाच बांधतो, पण पडद्यावरच्या इतर मराठी भुतांना लावून पाहिला की तो धागा पुन्हा ताणून उभा राहतो. झी मराठीवर २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली. कुडाळ तालुक्यातल्या आकेरीतला नाईकांचा वाडा. अण्णा नाईक पहिल्याच भागात मरतात आणि पुढची मालिका त्यांच्या सावलीत चालते. २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं ते भूतकाळाचं: जिवंत अण्णा, माधव अभ्यंकरांनी रंगवलेले, आणि शेवंता, अपूर्वा नेमळेकरने रंगवलेली. २०२१ मध्ये तिसरं पर्व आलं आणि मेलेले पुन्हा वाड्यात हिंडू लागले. शेवट आधी आणि सुरुवात नंतर, असा हा क्रम. पहिल्या पर्वात सहज बोललेलं एखादं वाक्य दुसऱ्या पर्वात खरं करून दाखवावं लागतं, आणि जिथे ते जमत नाही तिथे प्रेक्षक वॉटसनच्या जखमेसारखी सारवासारव करतात. घराघरांत बायका हे काम करत होत्या, तीन पर्वांची नाती बोटांवर मोजून लावत होत्या. त्याला थिअरी म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलं नाही एवढंच. आणि शेवंताचं दुःख काय? अण्णांशी सगळं झालं, पण वाड्यात सून म्हणून पाऊल ठेवता आलं नाही. पुन्हा तोच उंबरा. तेही घरचं भूत, एका वाड्यापुरतं.

वाईट जोडणीचाही एक नमुना देतो, कारण तो फार हुशार दिसतो. राही अनिल बर्वे यांच्या २०१८ च्या 'तुंबाड'मध्ये हस्तर नावाचा शापित देव आहे. अमेरिकेतल्या भयकथांत हस्तुर नावाचं एक जुनं दैवत येतं. १८९० च्या दशकात अँब्रोज बिअर्सच्या कथेत ते मेंढपाळांचं दैवत होतं, मग रॉबर्ट चेंबर्सकडे गेलं, मग लव्हक्राफ्टकडे, आणि जाता जाता अक्राळविक्राळ झालं. नाव जुळलं म्हणून हस्तर म्हणजेच हस्तुर, तुंबाडचा वाडा म्हणजे लव्हक्राफ्टच्या विश्वाचं कोकणातलं दार, असं सांगितलं जातं. पण नावापलीकडे काय जुळतं? हस्तरला सोनं मिळालं आणि धान्य नाकारलं गेलं. तो भुकेला आहे, म्हणून पिठाची बाहुली दाखवून त्याला फसवता येतं. ही भूक, हे पीठ, ही हाव मराठी वाड्यातली आहे. हस्तुरला जोडून यातलं काहीच सुटत नाही. खरा दुवा वेगळाच आहे आणि नोंदलेला आहे. बर्वे यांनी नारायण धारपांची 'आजी' ही कथा नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून ऐकली होती, आणि धारपांची ती कथा स्टीफन किंगच्या आजीवरच्या कथेवरून आलेली. अमेरिकेतली म्हातारी मराठीत आली, मग जंगलात तोंडी सांगितली गेली आणि मग 'तुंबाड'मध्ये साखळदंडाने बांधलेली दिसली. हे नातं नावावरून कधीच सापडलं नसतं.

मराठवाड्यात बसून हे सगळं लिहिताना एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. विस्कळीत घटनांमागे एक लपलेलं पात्र शोधण्याची ही जी बुद्धी, तिनेच आमच्या भागात भानामती चालवली. कपडे आपोआप पेटतात, शिजवलेल्या अन्नात घाण सापडते, पोरीच्या अंगावर बिब्याच्या फुल्या उठतात, म्हैस आटते. चार घटना, आणि त्यांना जोडणारं एक नाव: शेजारची एकटी बाई. ही थिअरीच आहे, आणि तिच्यापायी बायकांना मारहाण झाली, त्यांना गावातून हाकलून दिलं गेलं. बिब्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतो आणि डाग राहतो. तो लावणारा हात माणसाचाच असतो, आणि पुष्कळदा त्याच घरातल्या, बोलता न येणाऱ्या त्रासात असलेल्या माणसाचा. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्यांनी घरोघर बसून हे उलगडून दाखवलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. कुणी करणी केली असं सांगून एखाद्याला छळणं हा आता गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आणि पाच ते पन्नास हजार दंड.

म्हणून स्टेशनावर वाद घालणाऱ्या मुलांना मी म्हणतो, पडद्यावर ही बुद्धी मनसोक्त चालवा, कारण तिथे ती तपासून पाहता येते. पुरावा सगळ्यांच्या समोर असतो, मागे नेऊन पुन्हा बघता येतो, पुढचा भाग येऊन तुमचा तर्क खरा-खोटा करतो, आणि चुकलं तर कुणाचं घर जळत नाही. एक नातं मांडलं की त्याने किती प्रश्न सुटले ते मोजायचं, आणि कोणतं पात्र बसत नाही ते आपणच आधी सांगायचं. ही सवय लागलेला पोरगा शेजारच्या बाईबद्दलही पहिल्यांदा पुरावा विचारेल, अशी मला आशा आहे.

माझीही थिअरी तपासायला मी तयार आहे. जानेवारी २०२५ मध्ये निर्मात्यांनी पुढच्या चित्रपटांची यादी जाहीर केली, तिच्यात 'महामुंज्या' आहे आणि शेवटी दोन महायुद्धं आहेत. युद्ध म्हटलं की कोण कुणाला मारतो हा प्रश्न येतो, पण 'स्त्री'चा पहिला भाग मारामारीवर संपला नव्हता. विकीच्या हातात खंजीर होता, त्याने तो चालवला नाही. पुढे गावाने तिचा पुतळा उभा केला, भिंतीवर 'ओ स्त्री रक्षा करना' लिहिलं, आणि ती परत फिरली. जो मान जिवंतपणी राहिला होता तो दिला गेला. अर्धं राहिलेलं पुरं केलं की भूत जातं, हा नियम या विश्वात एकदा पाळला गेला आहे. तो खरा असेल तर मुंज्याही जाळून किंवा कापून सुटणार नाही. कुणीतरी त्याची सोडमुंज लावावी लागेल: छत्री, काठी, पायताण देऊन त्याला काशीच्या वाटेला लावावं लागेल, आणि मामाच्या नात्याने दारात उभं राहून त्याला अडवावं लागेल. 'महामुंज्या'त तो भेडियाच्या पंजाने मेला आणि मेलेलाच राहिला, तर माझं म्हणणं चुकलं असं समजावं.